उंदराने डोकं झटकलं नाही, म्हणजे माणसाला भास होणार नाहीत?

सुमेधा: नैराश्यावर सायलोसिबिनसारखी (भास घडवणाऱ्या अळंबीतलं द्रव्य) औषधं आणायचा खटाटोप चालू आहे. नवा रेणू आला की पहिला प्रश्न हाच, याने भास होतात का? एलएसडी हे भास घडवणारं द्रव्य टोचल्यावर उंदीर कानात पाणी गेल्यासारखं डोकं झटकतो. त्यावरून माणसाचा अंदाज बांधावा, हे कॉर्न आणि पिकरिंग यांनी १९६७मध्येच सुचवलं. २०२०मध्ये हाल्बरश्टाट आणि सहकाऱ्यांनी ३६ भासकारक द्रव्यं पडताळली. उंदराला जे कमी मात्रेत लागू पडतं, ते माणसालाही कमी मात्रेतच, सहसंबंध ०.९४ (१ म्हणजे तंतोतंत जुळणी)! लिसुराइड हे औषध तर एलएसडीच्याच ५-एचटी२ए रिसेप्टरवर (मेंदूपेशीवरची, सेरोटोनिन चिकटण्याची जागा) काम करतं, पण त्याने ना उंदीर डोकं झटकतो, ना माणसाला एलएसडीसारखा अनुभव येतो. माझ्या मते चाचणी भरवशाची आहे.

प्रभाकर: सुमेधाताई, साफ असहमत. ती ३६ द्रव्यं आधीपासून भासकारक म्हणून माहीत असलेली, त्याच रिसेप्टरवरची. सॅल्व्हिनोरिन ए हे वनस्पतीतलं द्रव्य घ्या. माणसाला जबरदस्त भास होतात, पण काप्पा ओपिऑइड या वेगळ्याच रिसेप्टरमार्फत. ते या चाचणीत सापडेलच कसं? उलट ५-एचटीपीने (यापासून शरीर सेरोटोनिन बनवतं) उंदीर डोकं झटकतात आणि लोक तेच झोपेसाठी पूरक गोळी म्हणून घेतात. आणि लिसुराइडने पार्किन्सन्सच्या रुग्णांना भास झाल्याच्या नोंदी आहेत.

सुमेधा: ५-एचटीपीचं मान्य. पण लिसुराइड मेंदूतल्या डोपामिन या दुसऱ्या रसायनाच्या रिसेप्टरवरही काम करतं, आणि पार्किन्सन्सच्या इतर डोपामिन औषधांनीही रुग्णांना भास होतात. तो दोष या चाचणीच्या माथी कशाला?

निशिगंध: मी ही मोजणी केली आहे. उंदराच्या डोक्यावर इवलासा चुंबक बसवतात, भोवती तारेचं वेटोळं; चुंबक हलला की तारेत संकेत उमटतो. झटकताना डोकं सेकंदाला साधारण ९० वेळा हलण्याच्या वेगाने थरथरतं, त्यामुळे खाजवणं, अंग चाटणं वेगळं काढता येतं. मोजमाप उत्तमच आहे. पण मोजला जातो तो रिसेप्टरचा परिणाम, उंदराला काय दिसतंय ते नव्हे. म्हणून मी प्रभाकरांच्या बाजूने.

प्रभाकर: हेच म्हणतोय. डेव्हिसच्या कॅलिफोर्निया विद्यापीठातून टॅबर्नान्थालॉग हा नवा रेणू आला, तेव्हा शोधनिबंधाच्या शीर्षकातच त्याला 'भास न घडवणारं' म्हटलं. आधार काय, तर उंदरांनी डोकं झटकलं नाही. एवढ्यावर ते विशेषण लावणं मला धोक्याचं वाटतं. नैराश्याचा रुग्ण त्या शब्दावर विसंबून औषध घेईल.

सुमेधा: विशेषणाबाबत तुमचं बरोबर, ते माणसांवरच्या चाचणीनंतरच लावावं. पण शेकडो रेणूंतून माणसापर्यंत कोणते न्यायचे, हे ठरवायला उंदीर हवाच. तो टप्पा गाळून थेट स्वयंसेवकांवर जाणं मला अजिबात मान्य नाही.