पूर्व जर्मनीत आयुष्य काढलेल्या आजींशी त्या काळाविषयी कसे बोलावे?

प्रश्न : सायली
नोकरीच्या निमित्ताने आम्ही लाइपझिगमध्ये राहतो. खालच्या मजल्यावर ऐंशी ओलांडलेल्या एक आजी असून, पूर्व जर्मनी होती तोवर त्या सूतगिरणीत कामाला होत्या. रविवारी त्या मला कॉफीला बोलावतात. तेव्हा घरभाडे नगण्य होते, मुलांना पाळणाघरात ठेवून निर्धास्तपणे कामावर जाता येई आणि नोकरी जाण्याची धास्ती कोणालाच नव्हती, असे त्या मनापासून सांगतात. मात्र बर्लिनची भिंत उभी राहण्यापूर्वी पश्चिमेकडे निघून गेलेल्या भावाचा विषय निघाला, तेव्हा त्या बराच वेळ गप्प राहिल्या. मला अधिक ऐकायचे आहे, परंतु माझे विचारणे त्यांना उलटतपासणी वाटू नये. या पिढीतील माणसांशी आपण कसे बोललात?

अनिरुद्ध
आजींच्या या दोन्ही गोष्टी खऱ्याच आहेत. त्यांचा मेळ घालण्याची घाई करू नका. १३ ऑगस्ट १९६१ रोजी बर्लिनची सीमा बंद झाली आणि असंख्य कुटुंबांची ताटातूट झाली. त्यानंतर अनेकांना नातलगांशी जोडून ठेवले ते पश्चिमेकडून येणाऱ्या पार्सलांनी. त्यांवर ‘भेटवस्तू, विक्रीचा माल नव्हे’ असे लिहावे लागे आणि आत बहुधा कॉफी व चॉकलेट असे. १९७७ साली कॉफीची टंचाई झाली, तेव्हा सरकारने जेमतेम निम्मी कॉफी असलेले मिश्रण विकायला काढले आणि त्याविरुद्ध लोकांच्या तक्रारींचा पाऊस पडला. तेव्हा बोलणे कॉफीवरूनच सुरू करा : भावाकडून पार्सल यायचे का, त्यात काय असायचे, ते हाती पडण्यापूर्वी कोणी उघडलेले असायचे का? ‘श्टाझी’ हे गुप्त पोलीस खाते लोकांची पत्रे वाफेवर उघडून वाचत असे, त्यामुळे सांगावेसे वाटले तर आजी या वाटेने स्वतःच तिथवर येतील.

गिरणीचे पुढे काय झाले, हेही अवश्य विचारा. १ जुलै १९९० रोजी पश्चिमेचे चलन लागू झाले, सरकारी कारखाने ‘ट्रॉयहांड’ या संस्थेमार्फत विकले गेले किंवा बंद पडले आणि पन्नाशीला टेकलेल्या कितीतरी बायका घरी बसल्या. माझ्या अनुभवात, भिंतीविषयी मोकळेपणाने बोलणारी माणसेही या विषयावर अधिक दुखावलेली असतात.

नीलिमा
एक प्रश्न मात्र आपणहून विचारू नये : ‘तुम्ही तुमची फाईल पाहिलीत का?’ १९८९ मध्ये श्टाझीचे सुमारे ९१,००० पूर्णवेळ कर्मचारी होते आणि त्याखेरीज पावणेदोन लाखांच्या आसपास खबरे होते. हे खबरे म्हणजे सहकारी, शेजारी, क्वचित घरातलेच माणूस. जानेवारी १९९२ पासून नागरिकांना श्टाझीने ठेवलेली आपली फाईल पाहण्याचा हक्क मिळाला. काहींनी ती पाहिली आणि जुनी मैत्री कायमची तुटली, तर काहींनी जाणूनबुजून पाहिली नाही. न पाहणे हा भित्रेपणा नव्हे, एवढे मनाशी ठेवूनच त्यांच्यासमोर बसावे.

विक्रांत
जपून बोलावे हे मान्य, पण स्वस्त भाड्याच्या आठवणींना नुसती मान डोलावणे मला पटत नाही. बर्लिनच्या भिंतीपाशी किमान १४० माणसांचा जीव गेला आणि ती भिंत त्याच सरकारने बांधली होती. वाद घालू नये, पण लाइपझिगच्या माणसाला सरळ विचारण्याजोगा एक प्रश्न आहे : ९ ऑक्टोबर १९८९ च्या संध्याकाळी तुम्ही कुठे होतात? त्या दिवशी गोळीबार होईल अशी भीती असूनही सुमारे ७०,००० लोक सरकारविरुद्ध निदर्शने करीत शहराच्या वर्तुळाकार रस्त्यावर उतरले. जे उतरले त्यांच्याइतकेच, मुलांना घेऊन घरात थांबलेल्यांकडेही त्या रात्रीविषयी सांगण्यासारखे असते.

सायली
सर्वांचे मनःपूर्वक आभार. भावाच्या पार्सलांपासून सुरुवात करीन आणि ९ ऑक्टोबरचा प्रश्न नंतरच्या भेटीसाठी ठेवीन. हे बोलणे ध्वनिमुद्रित करावे का?

नीलिमा
इतक्यात नको. ज्यांची पत्रे उघडली जात होती, त्यांच्यासमोर यंत्र ठेवण्यापूर्वी स्पष्ट परवानगी घ्यावी आणि नकार मिळाल्यास तो विषय पुन्हा काढू नये. तोवर घरी आल्यावर त्याच रात्री, शक्य तितक्या त्यांच्याच शब्दांत, टिपून ठेवा; जर्मन वाक्ये तशीच राहू द्या आणि हे टिपण ठेवत असल्याचे आजींनाही सांगा.