मुलाचं व्हिटॅमिन डी वाढतच नाहीये, अर्जंट मदत हवी आहे

प्राची_डोंबिवली: मुलाला किडनीचा त्रास आहे. डी 14 होतं, आता 11 आलंय, म्हणजे औषध चालू असून उलट कमी! अपॉइंटमेंट 12 दिवसांनी आहे आणि मेडिकलवाला म्हणतो डीची साठ हजार युनिटची पुडी आठवड्याला देत जा. देऊ का? लवकर सांगा प्लीज

नाना५८: औषधं कसली, सकाळचं कोवळं ऊन द्या अर्धा तास उघड्या अंगाने. आमच्या लहानपणी कुठे होतं हे डी न बी.

मीठभाकर: वय किती? किडनीचा त्रास म्हणजे नक्की काय? औषध कुठलं चालूये? काहीच न सांगता "देऊ का" विचारलं तर कोण काय सांगणार

प्राची_डोंबिवली: 7 वर्षं. जन्मतः लघवीच्या वाटेत पडदा होता, पीयूव्ही, ऑपरेशन झालंय. आता किडनीचा आजार स्टेज 3. कॅल्सिट्रिऑल 0.25 एक दिवसाआड.

मीठभाकर: तिथेच घोळ आहे. रिपोर्टमध्ये 25 हायड्रॉक्सी मोजतात, तो शरीरातला साठा. किडनी त्याचं कामाचं डी बनवते, आणि कॅल्सिट्रिऑल म्हणजे ते तयार डीच, त्याने साठ्याचा आकडा वाढत नाही. आमच्या मुलीला साठ्यासाठी वेगळं कोलेकॅल्सिफेरॉल (पुडीत असतं तेच साधं डी) दिलं, डॉक्टरांना आकडा 30 च्या वर हवा होता. लघवीतून प्रोटीन जात असेल तर डीपण जातं, ते तपासलंय का? पण दोन्ही एकदम चालू असलं की कॅल्शियम चढू शकतं, मेडिकलवाल्याच्या सांगण्यावरून नका देऊ. आणि नाना, कोवळ्या उन्हात यूव्हीबी, म्हणजे डी बनवणारे किरण, नसल्यातच जमा, दुपारचं ऊन लागतं.

नाना५८: दुपारी पोर भाजून काढा मग!

सुगरण_मावशी: नाचणीसत्त्व दुधात, रोज दोन पेले. हाडं लोखंडासारखी.

मीठभाकर: मावशी, किडनीच्या पोराला दूध मोजून असतं, फॉस्फरस वाढतो हो

सुगरण_मावशी: दुधालाही नावं ठेवा आता.

विनायक_एम: माझंही डी 9 आहे, वय 52, गुडघे दुखतात. पुडी किती आठवडे घ्यायची?

मीठभाकर: प्राची, कॅल्शियम, फॉस्फरस, पीटीएच (पॅराथायरॉइड हार्मोन) किती आलंय? 12 दिवस थांबू नका, ओपीडीला फोन करा.

प्राची_डोंबिवली: केला आत्ताच. पुडी देऊ नका म्हणाले, उद्या रक्त द्यायला बोलावलंय. पण एक पुडी रविवारीच दिली होती मी, ते इथे लिहिलं नव्हतं आणि फोनवरही बोलले नाही, ओरडतील म्हणून

मीठभाकर: ओरडू देत. परत फोन लावा, आत्ता.

विनायक_एम: माझं कोणी सांगेल का?