मदत हवी आहे: लोड आला की डेस्कटॉप धाडकन बंद, दोष एसएमपीएसचा (संगणकाला वीज पुरवणारा डबा) की मदरबोर्डचा?

ब्राउझिंग, टायपिंग तासन्‌तास चालतं. गेम किंवा व्हिडिओ रेंडर सुरू केला की ५-१० मिनिटांत वीज गेल्यासारखा बंद. निळी स्क्रीन नाही, रीस्टार्टही नाही. नंतर पॉवर बटण दाबून काहीच होत नाही. एसएमपीएसचा मागचा स्विच मिनिटभर बंद ठेवला तरच चालू होतो.

इव्हेंट व्ह्यूअरमध्ये (विंडोजच्या नोंदी) फक्त कर्नल-पॉवर ४१, म्हणजे नीट बंद न होता पुन्हा सुरू झाल्याची नोंद; बगचेक कोड ०, म्हणजे विंडोज क्रॅशची नोंद नाही. बंद होताना सीपीयू ६८ अंश, ग्राफिक्स कार्ड ७४, म्हणजे तापण्याचा प्रश्न वाटत नाही. थर्मल पेस्ट नवी, रॅम मेमटेस्टमध्ये ४ फेऱ्या पास. भिंतीतलं सॉकेट बदललं, यूपीएस काढून थेट जोडून पाहिलं, केबल पुन्हा बसवल्या. ओव्हरक्लॉकिंग नाही.

एसएमपीएस ४५० वॅटचा, ७ वर्षं जुना. मोलेक्सच्या (एसएमपीएसचा चार पिनांचा कनेक्टर) पिवळ्या १२ व्होल्टच्या वायरवर मल्टिमीटरने एरवी १२.०५ व्होल्ट, लोडवर ११.६, म्हणजे किमान ११.४ च्या मर्यादेत, पण क्षणिक घसरण मीटर पकडत नाही. पेपरक्लिप टेस्ट (एसएमपीएस सुटा काढून क्लिपने चालू करणं) सुचवू नका, त्यात लोडच नसतो.

फक्त सीपीयूवर ताण दिला तर तासभर टिकतो, ग्राफिक्स कार्डवर दिला की जातो. दुसरा एसएमपीएस हाताशी नाही. ग्राफिक्स कार्डची पॉवर लिमिट ७० टक्क्यांवर आणून तो टिकला, तर एसएमपीएस दोषी धरायचा, की कार्डातच शॉर्ट असण्याची शक्यता उरते? ती वेगळी कशी तपासायची?