मदत हवी आहे: १२ जणांचं व्हीगन जेवण, ओव्हन एकच, काजू-बदाम वर्ज्य

उंबरठा (धागाकर्ता)

वाढदिवसाचं जेवण आहे, एकूण १२ माणसं. चौघं व्हीगन (दूध, अंडं, मधासकट प्राण्यांपासूनचं काहीच न खाणारे), त्यातल्या एकाला काजू, बदाम, अक्रोड यांची ॲलर्जी. शेंगदाणे आणि नारळ चालतात, तपासणी झालेली आहे. व्हीगन मंडळींपुढे सॅलड सरकवायचं आणि बाकीच्यांनी वेगळं जेवायचं, हे मला अजिबात नको आहे. सगळं जेवण व्हीगनच करायचं, पण उरलेल्या आठ जणांनाही ते सणासुदीचं वाटलं पाहिजे.

टेबलाच्या मधोमध ठेवता येईल असा मुख्य पदार्थ कोणता करू? बहुतेक पाककृतींत काजू नाहीतर अक्रोड असतातच. केक अंड्याविना नीट फुगेल का? वरचं क्रीम दोन-अडीच तास बाहेर टिकायला हवं. शिवाय मरेंगच्या (साखर घालून फेटलेल्या फेसाच्या, भाजून कुरकुरीत केलेल्या) छोट्या कुड्या करायच्या आहेत. ॲक्वाफाबाचा (काबुली चण्यांच्या पाण्याचा) फेस मध्येच का बसतो, तेही सांगा.

मंद_आच

लोणी, अंडं आणि साय काढली की पानातून तीन गोष्टी जातात: स्निग्धपणा, खमंग खारी चव आणि बांधणी. तिन्ही वेगळ्या मार्गांनी परत आणाव्या लागतात. नुसतं लोण्याच्या जागी तेल घातलं तर फक्त पहिलीच परत येते, म्हणून असं जेवण अनेकदा सपक लागतं.

मुख्य पदार्थ म्हणून मसूर-मशरूमचा लोफ (पावाच्या टिनमध्ये भाजलेली वडी) करा. कापून वाढता येतो, दिसतोही भरगच्च. २३ × १३ सेंमीच्या एका टिनला हे प्रमाण, तुम्हाला दोन टिन लागतील:

अख्खे मसूर २०० ग्रॅम (कोरडे), मशरूम ३०० ग्रॅम, मोठा कांदा १, लसूण ४ पाकळ्या, ओट्स १०० ग्रॅम, सूर्यफुलाच्या बिया १०० ग्रॅम, जवसाची पूड २ मोठे चमचे (६ मोठे चमचे पाण्यात १० मिनिटं भिजवून), टोमॅटो पेस्ट २ मोठे चमचे, सोया सॉस २ मोठे चमचे, तेल ३ मोठे चमचे, आवडीचे वाळवलेले हर्ब्ज, मिरपूड. मोठा चमचा म्हणजे १५ मिली.

मसूर मऊ शिजवा आणि चाळणीत किमान १० मिनिटं निथळत ठेवा. मशरूम बारीक चिरून मोठ्या आचेवर परता. आधी भरपूर पाणी सुटेल, ते आटेल, मग कढईच्या तळातून चरचर ऐकू येईल आणि कडा तांबूस होतील. तिथवर जायचंच. मशरूममध्ये ९० टक्क्यांच्या आसपास पाणी असतं. ते कढईत आटलं नाही तर टिनमध्ये सुटतं आणि लोफचा चुरा होतो. त्यातच कांदा-लसूण, मग टोमॅटो पेस्ट घालून पेस्टचा रंग गडद होईपर्यंत परता. बिया कोरड्या भाजून जाडसर कुटा. मसूर अर्धे ठेचा, अर्धे तसेच ठेवा. सगळे ठेचले तर लगदा, एकही ठेचला नाही तर बांधणी नाही.

आता मूठ दाबून पाहा. गोळा टिकला आणि हाताला पाणी लागलं नाही की झालं. ओलं वाटलं तर दोन चमचे ओट्स घालून १० मिनिटं थांबा. टिनला बटर पेपर लावून मिश्रण दाबून भरा. १८० अंश सेल्सिअसला ३० मिनिटं झाकून, २० मिनिटं उघडा. बाहेर काढल्यावर २० मिनिटं हात लावायचा नाही. गरम असताना कापलेला लोफ मोडणारच, कारण ओट्स आणि जवसाची पकड निवताना घट्ट होते.

सोबत ग्रेव्ही हवीच. २० ग्रॅम वाळवलेले मशरूम ७५० मिली गरम पाण्यात अर्धा तास भिजवा. पाणी बारीक फडक्यातून गाळा, तळाशी कच असते. ४५ मिली तेलात ४५ ग्रॅम मैदा बदामी रंगावर भाजा आणि ते पाणी थोडं थोडं घालत फेटा. दीड मोठा चमचा सोया सॉस घालून १० मिनिटं उकळू द्या. मीठ शेवटी, चव घेऊन. मैदा जितका गडद भाजाल तितकी चव वाढते पण दाटपणा कमी होतो, म्हणून तपकिरीवर नेऊ नका.

गोडघाशी

केकसाठी अंड्याला पर्याय शोधत बसू नका. सोडा-व्हिनेगरचा चॉकलेट केक मुळातच अंड्या-दुधाविना आहे आणि चांगला फुगतो. २० सेंमीच्या एका टिनला: मैदा १९० ग्रॅम, साखर २०० ग्रॅम, कोको २५ ग्रॅम, खाण्याचा सोडा १ छोटा चमचा (५ मिली), मीठ अर्धा छोटा चमचा. हे एकत्र चाळा. दुसऱ्या भांड्यात पाणी २४० मिली, तेल ८० मिली, व्हिनेगर १ मोठा चमचा, व्हॅनिला १ छोटा चमचा. दोन थरांसाठी सगळं दुप्पट.

ओव्हन १८० अंशांना तापलेला आणि टिन तयार असल्याशिवाय ओलं कोरड्यात घालू नका. सोडा आणि व्हिनेगर भेटले की वायू लगेच सुटायला लागतो. पीठ ओट्यावर दहा मिनिटं राहिलं तर तो वायू तिथेच संपतो आणि केक बसका होतो. कोरडं पीठ दिसेनासं झालं की ढवळणं थांबवा. जास्त फेटलं की मैद्यातलं ग्लुटेन (गव्हातलं चिवट प्रथिन) ताणलं जातं आणि केक रबरी लागतो. ३० ते ३५ मिनिटांत होतो.

सूर्यफुलाच्या बियांची पूड मात्र या केकमध्ये घालू नका. सोड्याबरोबर ती निवताना हिरवी पडते. खायला काही अपाय नाही, पण हिरवी झाक आलेला केक पाहुण्यांपुढे ठेवणं नको.

नारळाचं क्रीम या जेवणाला मी सुचवणार नाही. नारळाची चरबी साधारण २४ ते २६ अंशांना वितळते. माणसांनी भरलेल्या खोलीत अडीच तास ते उभं राहणार नाही. त्याऐवजी गनाश (चॉकलेटचं दाट क्रीम) करा: २०० ग्रॅम डार्क चॉकलेट बारीक चिरून, त्यावर २०० मिली दाट नारळाचं दूध, कडेला बुडबुडे येईपर्यंत तापवलेलं. दोन मिनिटं थांबून मधून बाहेर असं हळू ढवळा. तेल सुटलेलं दिसलं तर एक-दोन चमचे कोमट सोया दूध घालून ढवळा, पुन्हा जुळून येतं. निवलं की पसरवता येतं आणि जागच्या जागी राहतं.

उंबरठा

हे फार उपयोगी आहे, दोघांचे आभार. लोफ आणि गनाश नक्की. पण मरेंगचा हट्ट अजून आहे. आणि भाजलेले बटाटेही करायचे तर एका ओव्हनमध्ये २२० आणि १८० कसं जमवू?

फेस_आणि_फोडणी

मरेंग: काबुली चण्याच्या डब्यातलं पाणी १२० मिली घ्या. ते कच्च्या अंड्याच्या पांढऱ्यासारखं किंचित चिकट हवं. पातळ असेल, किंवा चणे घरी शिजवले असतील, तर आटवून तेवढं दाट करा आणि पूर्ण थंड करा. भांडं धातूचं किंवा काचेचं घ्या, आधी व्हिनेगरने पुसा. प्लॅस्टिकला तेलाचा अंश चिकटून राहतो आणि तेवढ्यानेही फेस धरत नाही. पाव छोटा चमचा क्रीम ऑफ टार्टर (फेस टिकवणारी आंबट पूड) घालून इलेक्ट्रिक बीटरने फेटा. मऊ शिखरं आली की १२० ग्रॅम बारीक साखर एकेक चमचा घाला. एकूण १० ते १५ मिनिटं लागतात, अंड्यापेक्षा जास्तच. बोटांत चोळून साखरेचा कण लागला तर अजून फेटा. विरघळली नसेल तर भाजताना पाक होऊन खाली झिरपते.

फेस बसण्याचं नेहमीचं कारण म्हणजे उष्णता. कुड्या १०० अंशांना दीड ते दोन तास ठेवा, त्यापेक्षा वर नेऊ नका. घरगुती ओव्हनचा काटा १०-२० अंशांनी चुकतो, तेव्हा आत वेगळा थर्मामीटर ठेवलेला बरा. दार न उघडता ओव्हनमध्येच निवू द्या. मग लगेच घट्ट झाकणाच्या डब्यात, कारण हवेतला ओलावा खेचून त्या चिकट होतात. गनाशवर लावायच्या तर अगदी वाढताना.

मंद_आच

ओव्हनचा क्रम: मरेंग दोन दिवस आधी. केक आदल्या दिवशी. हा केक दुसऱ्या दिवशी जास्त मऊ लागतो. लोफचं मिश्रणही आदल्या दिवशी टिनमध्ये भरून फ्रिजमध्ये ठेवा. थंड टिन गेल्यामुळे भाजायला १०-१५ मिनिटं जास्त धरा.

जेवणाच्या दिवशी आधी बटाटे. २ किलोचे मोठे तुकडे, ४ लिटर पाण्यात मीठ आणि १ छोटा चमचा सोडा घालून १० मिनिटं उकळा. सोड्याने पृष्ठभाग सैल पडतो. निथळून भांडं हलवलं की कडा खरबरीत होतात आणि त्याच पुढे कुरकुरीत लागतात. ८-१० चमचे तेल घोळून दोन ट्रेमध्ये सुटे पसरा. गर्दी झाली तर भाजण्याऐवजी वाफवले जातात. २२० अंशांना ३५ मिनिटं, मध्ये ट्रे वरखाली बदलून. मग बाहेर काढा. आता १८० वर लोफ. लोफ निवायला ठेवला की परत २२०, आणि बटाटे १५-२० मिनिटं. दोन्ही एकाच वेळी टेबलावर येतात.

लेबलवाचक

एक महत्त्वाचं राहिलं. व्हीगन लिहिलंय म्हणजे ॲलर्जीला सुरक्षित, असं नसतं. व्हीगन चीज आणि आइस्क्रीममध्ये काजू सर्रास असतात. डार्क चॉकलेटवर ‘काजू-बदामाचा अंश असू शकतो’ असं लिहिलेलं असेल तर तुमच्या त्या पाहुण्यासाठी ते बाद. मात्र तसंच वाक्य दुधाबद्दल असेल, तर ते कारखान्यातल्या मिसळीविषयी असतं, दूध घटक म्हणून घातलंय असा त्याचा अर्थ नाही. ते चालवून घ्यायचं का, हे व्हीगन पाहुण्यांना विचारा.

घटकांत व्हे आणि केसीन (दोन्ही दुधापासूनचे), दुधाची भुकटी, जिलेटिन, मध शोधा. ब्रेडला वरून अंडं लावलेलं असू शकतं. रंगीत सजावटीच्या गोळ्यांवर ई १२० (किड्यांपासूनचा लाल रंग) आणि ई ९०४ (लाख) बघा. वाइन ठेवणार असाल तर बाटलीवर व्हीगन असल्याची खूण हवी. ती नितळ करायला अंड्याचा पांढरा, केसीन किंवा माशापासूनचं जिलेटिन वापरलेलं असू शकतं. सोया सॉसमध्ये बहुतेक वेळा गहू असतो, कुणाला ग्लुटेन वर्ज्य असेल तर तामारी (सहसा गव्हाविना केलेला जपानी सोया सॉस) घ्या, तीही लेबल पाहून; पण मग मैदा आणि ओट्सचाही विचार करावा लागेल.

उंबरठा

ग्लुटेनचं कुणाला नाही, विचारलंय. कॉफीत सोया दूध फुटतं, त्यावर काही?

फेस_आणि_फोडणी

कॉफीतलं आम्ल आणि उष्णता मिळून सोयातलं प्रथिन साकळतं. दूध आधी कोमट करून कपात घ्या आणि त्यावर कॉफी हळू ओता, कॉफीही उकळती नको. ओट दूध ठेवलं तर हा प्रश्न सहसा येत नाही. त्याच्या लेबलवरही काजू-बदामाची सूचना तेवढी बघून घ्या.