गुलाबाचं फूल दुपारपर्यंतही टिकत नाही, मदत हवी आहे

मंडळी, गच्चीवर कुंड्यांत पाच गुलाब आहेत. थंडीत एकेक फूल पाच-सहा दिवस तोऱ्यात असायचं. आता सकाळी सातला अर्धवट उमललेली कळी माझी अंघोळ होईपर्यंत पूर्ण उघडते आणि दुपारी दोनला मान टाकते. फुलांचा आकारही निम्म्यावर आलाय. गडद लाल गुलाबाच्या पाकळ्यांच्या कडा तर इस्त्रीचा चटका बसल्यासारख्या काळ्या पडतात.

ऊन दिवसभर, पाणी रोज. गेल्या आठवड्यात खतही घातलं (बहुतेक तिथेच माती खाल्ली). एका झाडाची पानं बारीक पिवळ्या ठिपक्यांनी धुरकट झालीत. पांढऱ्या कागदावर पान झटकलं तर मिरपुडीसारखे कण पडले आणि त्यातले दोन-तीन चक्क चालू लागले!

त्याच झाडाला बुडातून एक लांबसडक, जोमदार फांदी आलीय, पण कळी एकही नाही. मी खूश होते, शेजारीण म्हणते उपटून टाक. खरं का? आणि छाटणी आत्ता करू की ऊन ओसरल्यावर?

प्रतिसाद १:
चालणारे कण म्हणजे लाल कोळी, पानांचा रस शोषणारी बारीक कीड. कोरड्या उन्हात भराभर वाढतात, पानाखाली राहतात. दोन आठवडे एक दिवसाआड सकाळी पानांच्या खालून पाण्याचा जोरदार फवारा मारा. संध्याकाळी नको, रात्रभर ओल्या राहिलेल्या पानांवर काळ्या ठिपक्यांची बुरशी येते. हाताला लागेल ते कीटकनाशकही नको. कोळी बरेचदा त्याला दाद देत नाहीत, त्यांना खाणारे किडे मात्र मरतात.

फांदीबद्दल शेजारीण बरोबर असू शकते. माती उकरून बघा. कलमाच्या गाठीखालून (कलम जोडलेलं असतं तिथला फुगवटा) निघाली असेल तर ती खुंटाची, म्हणजे ज्या झाडाच्या मुळावर कलम केलंय त्याची, तुमच्या गुलाबाची नाही. मुळाशी धरून ओढून काढा, नुसती कापलीत तर पुन्हा फुटेल.

प्रतिसाद २:
फूल लहान येणं हा रोग नाही हो. उष्णतेत कळी घाईने उमलते, भरायला वेळच मिळत नाही. दुपारनंतर सावली मिळेल अशा जागी कुंड्या सरकवा, मातीवर दोन इंच पालापाचोळा पसरा, खत बंद. छाटणी आत्ता अजिबात नको, सुकलेली फुलं तेवढी काढत राहा. आणि फुलं बघायची असतील तर रंग दिसू लागलेली कळी सकाळी लवकर कापून पाण्यात ठेवा. मी उन्हाळाभर गुलाब घरातच बघते.

धागाकर्ती:
उकरून पाहिलं, फांदी गाठीखालूनच निघाली. काढली. शेजारणीला अजून सांगितलेलं नाही. आज सकाळी कापलेल्या दोन कळ्या टेबलावर आहेत, रात्रीचे नऊ वाजले तरी ताठ.