फायरप्लेसच्या टाइल्स: रंगाआधी मागचं ॲडेसिव्ह बघा

फायरप्लेसच्या भिंतीला कोणत्या टाइल्स लावाव्यात, या प्रश्नावर एकाने 'पोर्सिलेन घ्या, उष्णतेचं टेन्शनच नाही' असं म्हणत चकचकीत पांढऱ्या टाइल्स सुचवल्यात. टाइलपुरतं ते खरं आहे. ती भट्टीत १२०० अंश सेल्सिअसच्या आसपास भाजलेली असते, फायरप्लेसच्या आचेने तिला काही होत नाही. पण टाइल सुटते ती बहुधा मागच्या ॲडेसिव्हमुळे. डब्यातून तयार मिळणारी पेस्ट उष्णतेने मऊ पडते. इथे सिमेंटवालं, पॉलिमर मिसळलेलंच हवं, तेही पिशवीवर किती तापमान चालतं ते वाचून. जुन्या ऑइल पेंटवर थेट चिकटवू नका, आधी खरवडून घ्या.

चकचकीत पांढऱ्याचं कौतुक मात्र मला पटत नाही. भिंतीला घासून वरून खाली प्रकाश टाकणारा दिवा असेल, तर दोन टाइल्समधला जरासा चढउतारसुद्धा सावली पाडतो आणि मग नजर तिथेच जाते. मॅट बरंच झाकून घेते. ग्राउट, म्हणजे टाइल्समधल्या फटी भरायचा मसाला, राखाडी घ्या, पांढऱ्यावर काजळी लगेच दिसते. आणि हो, कडा! भिंत संपते तिथे टाइलची आठ-दहा मिलिमीटर जाडी उघडी पडते. तिथली मेटल पट्टी टाइलच्या खाली दाबून बसवतात, त्यामुळे ती आधीच आणून ठेवा.