वृत्र म्हणजे ढग, की अडवलेली नदी?

पदपाठी: ऋग्वेद १.३२ (मंडल १, सूक्त ३२) मध्ये इंद्र वृत्राला मारून पाणी मोकळं करतो. तो वृत्र म्हणजे पाणी कोंडून बसलेला मेघ, हे वैदिक शब्दांचे अर्थ लावणाऱ्या यास्कानेच मिटवलंय. त्याचा ग्रंथ निरुक्त, २.१६: ‘तत्को वृत्रः? मेघ इति नैरुक्ताः।’, म्हणजे वृत्र कोण? व्युत्पत्तिकार म्हणतात, मेघ. पाणी आणि वीज एकत्र आली की पाऊस होतो. लढाईची वर्णनं निव्वळ उपमा.

मिहिका: अर्धंच दिलंत. पुढे लगेच ‘त्वाष्ट्रोऽसुर इत्यैतिहासिकाः’ (इतिहासवाद्यांच्या मते त्वष्ट्याचा मुलगा असलेला असुर) आहे, म्हणजे वाद तेव्हाही चालूच होता. सूक्तच वाचा ना, १५ ऋचा तर आहेत. सुटलेलं पाणी वरून पडत नाही, हंबरणाऱ्या गाईंसारखं समुद्राकडे धावतं (ऋचा २). बाराव्या ऋचेत सप्तसिंधू मोकळे होतात. आणि तेरावीत वीज, गडगडाट, धुकं, गारा ही वृत्राची हत्यारं आहेत, इंद्राची नव्हेत!

पदपाठी: मग वीज ढगाकडे नसेल तर कुणाकडे असणार? वृत्र पर्वतावर पडलेला आहे म्हणाल, तर निघंटू, म्हणजे यास्काने ज्यावर भाष्य केलं ती वैदिक शब्दांची यादी, १.१० पाहा. मेघाची ३० नावं, त्यांत पर्वत, गिरी, अद्री (खडक), अहि (साप), वृत्र सगळे.

मिहिका: ती यादी अशाच ऋचांच्या अर्थावरून जमवलेली, आणि तुम्ही तीच पुरावा म्हणून देताय. डोंगर दिसला की ‘तो ढगच’ म्हणायचं, मग विरोधी पुरावा उरेल कसा? पाऊसच गायचा तेव्हा ऋषी सरळ गातात: ५.८३ मध्ये पर्जन्याची पखाल उपडी होते, वनस्पती उगवतात, कोडं काही नाही. आपल्याला पाणी म्हटलं की जून आठवतो. सिंधू फुगते ती आधी बर्फ वितळून.

शरद्वान: लोकमान्य टिळक विसरलात? १९०३ च्या आर्क्टिकवरच्या ग्रंथात त्यांनी हा दीर्घ रात्रीशी झगडा मानलाय. दहाव्या ऋचेत ‘दीर्घं तमः’, लांबलचक अंधार आहे. २.१२.११ मध्ये इंद्राचा दुसरा शत्रू शंबर सापडतो ‘चत्वारिंश्यां शरदि’, म्हणजे शरदाच्या चाळिसाव्या दिवशी.

मिहिका: ‘चत्वारिंश्यां’ हे ‘शरदि’चंच विशेषण. दिवस हवा तर तिथी पदरची घालावी लागते. ‘पश्येम शरदः शतम्’मध्ये शरद म्हणजे वर्ष, तसंच इथे चाळिसावं वर्ष. शिवाय शंबर हा वृत्र नव्हे. दहावीतला अंधार मेलेल्या शत्रूचा.

पदपाठी: शरदेबद्दल मान्य. माझी खरी अडचण अकरावीत आहे: ‘अपां बिलम्’, पाण्याचं बुजवलेलं बीळ. ढगाला बीळ उपमेने खपवता येईल, पण त्याच ऋचेत पणींनी, म्हणजे गाई लपवणाऱ्या शत्रूंनी, कोंडलेल्या गाईंचा दाखला आहे, आणि १०.१०८ मध्ये पणींचा ठेवा खडकाच्या पोटात आहे. तिथेही अद्री म्हणजे ढग म्हणायला माझीच जीभ रेटत नाही.